अंतोन भाऊंचे बिनपंखी देवदूत

नाताळ आठ दिवसांवर आला की आमच्या आरोग्य केंद्राचे औषधनिर्माते अंतोन भाऊ ड्रेसिंगची कात्री खिशात घालून चर्चमध्ये जातात आणि देवदूतांचे पंख कापतात. पुठ्ठ्याचे, थर्माकोलचे, चमकीच्या कागदाचे, कुठलेही. येशूजन्माच्या देखाव्यात गव्हाणीवर टांगलेला एकही दूत त्यांच्या हातून पंखांसकट सुटत नाही. एका वर्षी तर नाटकात देवदूत झालेल्या पोरीच्या पाठीवरचे पंख त्यांनी प्रवेशाच्या दोन मिनिटं आधी उसवले. ती बिचारी डोळे पुसतच मरियेला आनंदाचा निरोप सांगायला गेली.

"निरोप्याला पंख कशाला? पाय हायेत की," एवढंच त्यांचं म्हणणं.

मी त्याच केंद्रात आरोग्यसेविका. गाव शिरूर कासारपासून पाऊण तासावर, माळावरचं. अंतोन भाऊ कॅथलिक, मी बौद्ध. आमच्याकडं आत्माच मानत नाहीत, तिथं दूत कुठून यायचे, असं मी पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगून टाकलं होतं. वाटलं, विषय मिटला. पण गडी उलट खूश झाला. "लई बरं झालं, सिस्टर. तुमच्या डोक्यात पंख न्हाईत. बाकीच्यांच्या डोक्यातले काढण्यातच माझा जलम चाललाय."

त्या दिवसापासून अकरा वर्षं, गोळ्यांची पाकिटं बांधता बांधता, मी देवदूतांचं शास्त्र ऐकत आले आहे.

त्यातलं पहिलं वाक्य मला झोपेतही म्हणता येईल: "दूत हा हुद्दा हाय, जात न्हाई." म्हणजे जसा तहसीलदार. निरोप घेऊन निघाला तेवढ्यापुरता तो दूत. एरवी तो नुसता आत्मा, हाडामांसाशिवायचा. पुरावा म्हणून ते जुन्या करारातल्या गोष्टी सांगत. भर दुपारी म्हाताऱ्या जोडप्याच्या तंबूशी तीन पाहुणे आले, त्यांना पाय धुवायला पाणी मिळालं, ते भाकरी खाऊन गेले. पंख दिसले का कोणाला? आंधळ्या बापाच्या पोराला परगावी जायचं होतं, त्याला वाटाड्या भेटला, सगळी वाट सोबत चालला, आणि परत आल्यावर शेवटी सांगितलं की मी कोण ते. पोराला संशयसुद्धा आला नाही. मग बायबलातले ते सहा पंखांचे कोण, असं मी एकदा विचारलं. ते सिंहासनापाशी उभे राहून गातात, त्यांचं खातं वेगळं, असं उत्तर आलं.

दुसरा धडा जागेचा. कोणा आजीबाईनं बाकावर सरकून "तुमच्या दूताला बसू द्या" म्हटलं की ते औषधाच्या खिडकीतून समजावत, की त्याला अंगच नाही, तो बसणार कशानं? दूत जागेत नसतो, कामात असतो. जिथं त्याचं काम चाललंय तिथं तो. आमच्या शिपायाबद्दल त्यांचं मत बरोबर उलट होतं: हा जागेत असतो, कामात नसतो.

तिसऱ्या धड्यापायी ते मार खाता खाता वाचले. गावात नळाच्या पाळीवरून दोन आळ्यांची जुंपली होती, काठ्या निघाल्या होत्या. अंतोन भाऊ मध्ये जाऊन उभे राहिले आणि सांगू लागले, की कोणत्याही दोन दूतांची जात एक नसते, एकेक दूत म्हणजे एकेक अख्खी जात. आणि माणसाची समद्यांची मिळून जात एकच. तरी भांडण कोणाचं चाललंय बघा. दोन्ही आळ्यांनी आपलं भांडण सोडून त्यांना धरलं. मी त्यांना केंद्रात आणून टिंक्चर लावलं. लावून घेताना ते म्हणाले, की दूत एकदाच ठरवतो आणि ते कायमचं. त्याला सगळं एका दमात कळतं, त्यामुळं मागं फिरणं नाही, पस्तावा नाही. माणसाला थोडं थोडं कळतं म्हणून त्याला बदलता येतं. या आळ्याही बदलतील, असा त्यांना भरोसा होता.

असे हे अंतोन भाऊ. आम्ही हसायचो. गेल्या दसऱ्यानंतर हसणं थांबलं.

दुपारची वेळ होती. डॉक्टर तालुक्याला बैठकीला गेले होते. प्रकाश धावत आला, त्याच्या हातांवर त्याची स्नेहल. सहा वर्षांची. शेततळ्याच्या काठाला खेळत होती, प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरला. त्या कागदावर मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. मागून तिची आई मीरा, अनवाणी.

पोरीला टेबलावर घेतलं. तोंडातलं पाणी काढलं. मी श्वास देत होते, अंतोन भाऊ छाती दाबत होते आणि मोठ्यानं आकडे मोजत होते. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाहून निघाली होती. दाराशी माणसं जमली, तरी नुसते आकडे ऐकू येत होते. तीस झाले की पुन्हा एकपासून. मला बोटांखाली नाडी लागत नव्हती, हे मला बऱ्याच आधी कळलं होतं. त्यांनाही कळलं असणार. तरी ते मोजत राहिले. रुग्णवाहिकेतला माणूस आला, त्यानं पाहिलं, माझ्याकडं बघून मान हलवली. अंतोन भाऊ मोजतच होते. शेवटी मी त्यांचे हात धरून बाजूला केले.

प्रकाश भिंतीला टेकून उभा होता. तो आरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, तुमी दर रविवारी लेकरांना शिकवता, परतेकाला एक राखणारा दूत हाय म्हणून. माझ्या पोरीचा कुठं गेलता?"

अंतोन भाऊंनी चादर उचलून पोरीच्या अंगावर घातली. त्यांचा शर्ट ओला होता. 

तिसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना होती. मीही गेले होते, मागं दारापाशी बसले. फादर तरुण आहेत, मायाळू आहेत.  ते म्हणाले, रडू नका, देवाला स्वर्गात एक लहान देवदूत हवा होता, आपली स्नेहल आज देवदूत झाली आहे.

पुढच्या रांगेतून अंतोन भाऊ उठले.

"आसं न्हाई, फादर," ते म्हणाले. "ती दूत झाली न्हाई. माणूस मेल्यावर दूत होत न्हाई."

 मला वाटलं, खाली बसतील. बसले नाहीत. प्रकाश उठला आणि दोन ढांगांत त्यांच्यापर्यंत पोचला. त्याला धरायला चौघं लागले. बाकीच्यांनी अंतोन भाऊंना दंडाला धरून बाहेर काढलं, त्यात त्यांच्या शर्टाची शिवण उसवली. दारात माझ्याजवळून जाताना ते पुन्हा म्हणाले, "न्हाई झाली." कोणाला म्हणाले कोण जाणे.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खिडकीपुढं रांग लागेना. लोक चिठ्ठी माझ्या हातात देत आणि औषध तुम्हीच आणून द्या म्हणत. रविवारचा वर्ग बंद झाला. प्रकाशनं निरोप धाडला, की हा माणूस आमच्या आळीत दिसला तर पुढचं मला विचारू नका. निरोप आणणाऱ्यानं वर सांगितलं, की प्रकाश दिवसभर दारात बसून कोयत्याला धार लावतो आणि कोणाशी बोलत नाही. त्याची ऊसतोडीची टोळी निघायला चार दिवस होते. धार लावणं भागच होतं, तरी अंतोन भाऊंना त्या आळीकडं जाऊ देऊ नको, असं मी शिपायाला सांगून ठेवलं.

फादर स्वतः केंद्रात आले. त्यांनी कबूल केलं, की शिकवण तुमचीच बरोबर आहे, मी बोलायला चुकलो. पण ती काय शिकवायची वेळ होती? माफी मागा, एवढीच त्यांची विनंती. अंतोन भाऊ पाकिटं बांधत राहिले. खोटं बोललो असतो तर माफी मागितली असती, म्हणाले.

टोळी निघायच्या आदल्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. मी म्हटलं, प्रकाश आणि मीरा उद्या जातील ते पाच-सहा महिन्यांनी येतील. उसाच्या फडात पाचटाच्या खोपीत रोज त्यांना तुमचं ते वाक्य आठवत राहील. तुमच्या मते दूत एकदा ठरवलं की बदलत नाही. तुम्ही दूत आहात का?

त्यांनी हातातलं पाकीट खाली ठेवलं. गोळ्यांच्या कपाटाला कुलूप लावलं. मग विचारलं, "तुमी संगं येता का?"

आम्ही गेलो. दुपार टळली होती. आळीत शिरलो तशी बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. एकीनं मला खुणेनं परत जा म्हटलं. प्रकाश खरंच दारात बसला होता, कोयता मांडीवर. मागं गाठोडी बांधून ठेवली होती. आम्हाला बघून तो उठला. कोयता हातातच राहिला.

अंतोन भाऊ चार हातांवर थांबले. म्हणाले, "परकाश, समद्यांपुढं बोललो ते चुकलं. तुमचं दुःख ताजं होतं, मी गप बसायला पायजे होतं. त्याची माफी मागायला आलोय."

"आन जे बोललास ते?"

मला वाटलं, आता तेही चुकलं म्हणतील. नुसतं तेवढं म्हटलं तरी पुरे होतं. कोयत्याच्या पात्यावर ऊन पडलं होतं, मी दुसरीकडं बघूच शकत नव्हते.

"ते खरं हाय," अंतोन भाऊ म्हणाले.

प्रकाश एक पाऊल पुढं आला. तेवढ्यात आतून मीरा बाहेर आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. तिनं विचारलं, "दूत न्हाई झाली, तर मग काय झाली ती?"

"स्नेहलच हाय ती."

 मग ते बोलू लागले. खिडकीतून बोलायचे तसं नाही, थांबत थांबत. "दूताला आई नसती, मीरा. त्याला कधी भूक लागली न्हाई, त्याचा गुडघा कधी फुटला न्हाई, त्याला कुणी कडंवर घेतलं न्हाई. स्नेहल दूत झाली आसती तर ती तुझी कोन राहिली आसती? ती माणूस हाय, तुझ्या पोटची. मेल्यानं ते बदलत न्हाई. आमच्या शिकवणीत एक दिवस अंगबी परत मिळतं. तिचं तिलाच मिळतं."

"मला वळखंल?"

"तुला हाक मारत यील."

मीरा उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. पोर गेल्यापासून ती रडलीच नव्हती, हे मला नंतर शेजारणीनं सांगितलं.

प्रकाशनं विचारलं, "आन तिचा दूत? त्यो कुठं गेलता?"

"गेला न्हाई कुठं. तिच्यापाशीच आसणार, पाण्यातबी. पर पाणी कावून अडवलं न्हाई, ते मला म्हाईत न्हाई." अंतोन भाऊंनी चष्मा काढून हातात धरला. "लई पुस्तकं बघितली. एकोणीस वर्षं बघतोय. न्हाई गावलं."

एकोणीस वर्षं कसली, ते आमच्यापैकी कोणालाच कळलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांची मुलगी चार वर्षांची होती, तापानं गेली. समदे येऊन म्हणाले, देवदूत झाली. तिची आईही तेच धरून बसली आणि तेच म्हणत दोन वर्षांनी गेली. "ते खरं हाय का, तेवढंच बघायला मी फादरांच्या पुस्तकांच्या खोलीत गेलतो. माझी पोरगी आता काय हाय, एवढंच बघायचं होतं. दूत दूत ऐकून ऐकून मला तिचं तोंड आठवंना झालतं. मग एका पुस्तकात लिवलेलं गावलं, की माणूस तो माणूसच राहतो. त्या दिवशी घरी येऊन जेवलो."

प्रकाशनं कोयता भिंतीला टेकवून ठेवला. आत जाऊन बाज बाहेर ओढली. तिच्यावरची गोधडी झटकली. अंतोन भाऊ बसले, मीही बसले. आळीतल्या बाया एकेक करून घरात गेल्या.

 मीरानं डोळे पुसले, लोटीभर पाणी आणून अंतोन भाऊंच्या हातात दिलं आणि विचारलं, "भाऊ, तुमच्या लेकीचं नाव काय होतं?"

अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारी काम केलं, रोजचा चहा एका किटलीतला घेतला. हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. तिनं विचारल्यावर मला मान वर करता येईना.

"होतं न्हाई," अंतोन भाऊ म्हणाले. "हाय. शालिनी."