दहा मुठींचा कठडा

"नऊ!" गच्चीच्या कठड्यावर मूठ आपटत एल्काना म्हणाले. "उंचीला दहा मुठी हव्यात. एक कमी आहे."

"माझ्या हाताने अकरा भरल्या, अब्बा," तिरझा म्हणाली.

"ती मूठ आहे की अंजीर?"

यरुशलेममधली शुक्रवारची दुपार. शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, लागायला दीड तास. खाली गॅसवर सूप, गजांच्या पाळण्यात दहा महिन्यांचा योतम झोपलेला, नवरा पाव आणायला गेलेला. आणि सासरे एल्काना, ज्यांची हयात शाळेत तोरा हा धर्मग्रंथ शिकवण्यात गेली, सुनेला 'दोनच मिनिटं' म्हणून नव्या घराच्या गच्चीवर घेऊन आलेले.

"माकेह! म्हणजे कठडा!" त्यांनी बोट उचललं. "नवं घर बांधलंस, तर गच्चीला कठडा कर. कोणी पडला तर त्याचं रक्त तुझ्या घरावर नको. साऱ्या तोरात हा शब्द एकदाच येतो. का?"

"का?"

"शहाण्याला एकदा सांगितलेलं पुरतं."

तेवढ्यात वारा आला आणि जिन्याचं दार धाडकन लागलं. बाहेरच्या बाजूला हँडलच नव्हतं. ते सोमवारी निखळलं होतं. 'आधी कठडा, मग हँडल,' हे एल्कानांनीच ठरवलं होतं.

"फोन, अब्बा?"

"घरी, चार्जिंगला. तुझा?"

"सुपाजवळ."

खालून योतमच्या रडण्याचा आवाज आला. तिरझाने दाराला खांदा दिला, दार हललं नाही. ती कठड्याकडे धावली आणि गल्लीत वाकली.

"बतिया! अगं बतिया!"

एल्कानांनी मागून तिच्या एप्रनच्या नाड्या घट्ट धरल्या. "वाकू नकोस! नऊच आहेत!"

"अकरा आहेत, सोडा मला!"

खाली शेजारणीने मान वर केली. "शब्बाथ शालोम, गोडे! सूप करपतंय का गं तुझं? वास इथवर येतोय."

"तुझ्याकडची किल्ली आण! आम्ही अडकलोय! योतम एकटाच..."

वाक्य संपेपर्यंत बतिया दिसेनाशी झाली होती. आणि मग रडणं थांबलं.

एकदम थांबलं. एल्काना दाराकडे वळले. नाड्या अजून त्यांच्या मुठीतच होत्या.

कितीतरी वेळाने दार उघडलं. धापा टाकत बतिया विजयाने म्हणाली, "आधी गॅस बंद केला, काळजी करू नकोस! आणि बाळाचं म्हणशील तर हूं नाही की चूं नाही!"

तिरझा तिच्या काखेखालून सुटली. तीन-तीन पायऱ्या एका वेळी.

योतम पाळण्यात उभा होता. जन्मात पहिल्यांदा. एक पाय गजांवरून बाहेर. आई दिसताच त्याने चारही दात दाखवले आणि टाळी वाजवायला दोन्ही हात सोडले.

तिने त्याला अधांतरीच झेललं.

मागोमाग सासरे आले. पाळण्याकडे, मग सुनेकडे बघितलं. ती पोराच्या मानेत तोंड खुपसून उभी होती, खांदे हलत होते.

"पाळण्याचे गज मोजा, अब्बा," ती तशीच म्हणाली.

एल्काना चाचरत पुढे झाले. "तुझ्या मुठीने मोजू या, पोरी. जास्त भरतील."

"नको," तिरझा म्हणाली. "तुमच्याच मुठीने."