तेजोमेघाची साफसफाई

"माझ्या हातून डाग सुटलेला फोटो दाखवा, दुकान बंद करतो!" असं फोटोवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, आणि त्यात फारशी थाप नव्हती. नवरदेवांचे मुरूम, वकिलांच्या चामखिळी, आजोबांच्या जुन्या फोटोवरची बुरशी, सगळं तो कॉम्प्युटरवर असं पुसायचा की माणसाला स्वतःची ओळख पटू नये. गिऱ्हाइकं मात्र खूश!

म्हणूनच विज्ञान केंद्रात नोकरीला असलेल्या त्याच्या साडूने अंतराळ सप्ताहासाठी त्याला एक फोटो भिंतभर मोठा करायला दिला. अंतराळातल्या दुर्बिणीने टिपलेला तेजोमेघ! गुलाबी-निळ्या धुळीचा अवाढव्य ढग आणि त्यात नुकतेच जन्मलेले तारे.

"साडूभाऊ, उद्घाटन आमच्या केंद्राच्या अध्यक्षांच्या हस्ते आहे," साडू म्हणाला. "ते खूश झाले तर माझी नोकरी कायम. नाहीतर बसलो घरी!"

"निर्धास्त राहा. जीव ओतून करतो."

जीव ओतला, तिथेच घात झाला. फोटो मोठा करताच त्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा नुसता सडा दिसला. फोटोवाल्याने कपाळाला हात लावला. एवढी महागडी दुर्बीण, आणि काच पुसायचं कुणालाच सुचू नये? त्याने मान मोडेस्तोवर बसून एकूण एक ठिपका पुसला. मग ढगही जरा गुळगुळीत केला.

"दोरीवर वाळत घातलेली चादर वाटतेय," बायको म्हणाली.

"तुला अंतराळातलं काय कळतं!"

कार्यक्रमाला गर्दी जमल्यावर फोटो झाकूनच आला आणि झाकलेलाच टांगला गेला. अध्यक्षांनी पडदा सरकवला. साडूचा चेहरा पांढराफटक पडला.

"तारे कुठायत?" तो फोटोवाल्याच्या कानात खेकसला.

"पुसले की! एकसुद्धा ठेवला नाही!"

अध्यक्षांनी मात्र भाषण वाचायला सुरुवातही केली होती. "मित्रहो, या असंख्य ताऱ्यांकडे पाहा!" मित्रांनी पाहिलं. टाळ्या पडल्या. खगोलशास्त्राच्या प्राध्यापकांनी दोनदा चष्मा पुसला, पण अध्यक्षांना दिसलेले तारे आपल्याला दिसत नाहीत असं चारचौघांत बोलायचं कसं? त्यांनीही मान डोलावली. अध्यक्ष इतके खूश झाले की फोटोवाल्याला म्हणाले, "या ताऱ्यांसमोर माझा एक फोटो काढा. असाच भिंतभर! केबिनमध्ये लावतो, आणि मग यांच्या नोकरीच्या कागदावर सही करतो."

संकट टळलं! पण बाहेर पडताच साडूने मोबाइलवर मूळ फोटो त्याच्या नाकासमोर धरला. "अहो, यातला एकेक ठिपका म्हणजे एकेक सूर्य होता!"

फोटोवाला बराच वेळ बघत राहिला. त्या काळोख्या धुळीत जागोजाग दिवे लागले होते. किती देखणं होतं ते सगळं! हजारो वर्षं वाट तुडवत आलेला उजेड, आणि आपण तो चिखलाचे शिंतोडे पुसावेत तसा पुसला! त्याने तिथेच कान पकडले.

"शपथ घेतो साडूभाऊ, यापुढे फोटोतला एक ठिपका पुसणार नाही!"

अध्यक्षांचा फोटो त्याने शपथ पाळून केला आणि स्वतः जाऊन केबिनमध्ये लावला. कपाळावरचे मुरूम, गालांवरचे वांग, नाकावरची चामखीळ, सगळं जसंच्या तसं, भिंतभर! अध्यक्ष केबिनमध्ये शिरले, आणि त्यांचा आवाज थेट फाटकापर्यंत ऐकू गेला.

संध्याकाळी साडू दुकानातल्या स्टुलावर येऊन बसला. चहा संपवून म्हणाला, "साडूभाऊ, दुकानात एखादा माणूस हवाय का? पुसायचं काम मी करीन."