कोनासाठी जागा हायस?

आमच्या ऑफिसात मधूदादा भोईर सकाळी आला की कुणाशी नमस्कार-चमत्कार करत नाही. आधी तो प्रत्येक कॉम्प्युटरच्या पाठीवर तळहात ठेवतो, लेकराचा ताप बघावा तसा, आणि हळूच विचारतो, "कोनासाठी जागा हायस?" मग थोडा थांबतो, उत्तर ऐकत असल्यासारखा. कधी मान हलवून पुढे जातो, कधी "झोप मंग" म्हणून बटण बंद करतो. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी हे पाहिलं आणि घरी आईला सांगून टाकलं, की मी काही तिथे टिकत नाही.

टिकले. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारं आमचं ऑफिस भिवंडीत एका लूमच्या कारखान्यावर आहे. खाली लूम चालू असले की वर टेबलावरचा चहा थरथरतो. वीज गेली की सगळं एका क्षणात गप्प होतं आणि ती शांतता कानात शिरते. आम्ही दचकतो. मधूदादा खुर्चीत मागे टेकतो आणि म्हणतो, "आता कसं बरं वाटतं."

दिवे त्याला खपत नाहीत. कॉम्प्युटरचे पडदे काळे, त्यावर अंधुक अक्षरं, आणि त्या उजेडात आमचे चेहरे. एकदा एक डॉक्टर जिना चढून आले, दारातून आमची ती अधांतरी डोकी पाहिली आणि आल्या पावली खाली गेले. खालचा चहावाला तर गिऱ्हाइकांना बिनदिक्कत सांगतो, "ऊपर भूत लोग काम करते हैं."

हा हट्ट उगाच नव्हता. शेलार गावच्या दवाखान्यात वीज गेली की सगळा भार इन्व्हर्टरवर. आधीचं सॉफ्टवेअर क्षणाक्षणाला 'नवीन काही आहे का' विचारत बसायचं आणि बॅटरी खाऊन टाकायचं. मग नर्सबाई अंधारात आणि पेशंटही अंधारात. मधूदादाने ते सगळं विचारणं काढून टाकलं. पहिल्या पानावरच्या चित्रातला हसरा डॉक्टरही उडवला. "ह्यो दिवसभर हसतो कोनासाठी? बगतो कोन ह्याला?" आता तेच सॉफ्टवेअर वीज गेल्यावरही निवांत चालतं.

ठेवली ती एकच चौकशी. ब्लडप्रेशरच्या पेशंटला रोज सकाळी मेसेज जातो: गोळी घेतली का? घेतली असेल तर पेशंट आकडा दाबतो. दुपारपर्यंत उत्तर आलं नाही, तर त्याच्या नातेवाइकाला फोन जातो.

तर मागच्या उन्हाळ्यात शेलारहून एक माणूस आला. त्याची आई वारली होती आणि तिच्या फोनवर रोज सकाळी गोळीची चौकशी येत होती, आणि दुपारी त्याला फोन. बायको तो फोन असलेल्या खोलीत जायला घाबरते, म्हणाला. शोधलं तर अशी बरीच नावं निघाली. दवाखान्याने मयत म्हणून नोंदवलेली माणसं, आणि आमचं मशीन रोज सकाळी उठून त्यांची विचारपूस करतंय.

हे काम मधूदादाने स्वतःकडे घेतलं. एकेक नाव उघडायचा, मोठ्याने वाचायचा, म्हणायचा, "झोपा आता काकी," आणि मेसेज बंद करायचा. दुपारभर ते चाललं होतं. झाडू मारणाऱ्या मावशी बादली तिथेच टाकून गेल्या, त्या चार दिवस फिरकल्या नाहीत. मलाही हसू येईना.

केलेलं काम तपासणं ही माझी ड्युटी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी पाहिली तर एक मेसेज गेलेलाच होता. यमुना भोईर, गाव कोन. मयत. आणि खाली उत्तर आलेलं: घेतली.

मी नाव पुन्हा वाचलं. यमुनाकाकी म्हणजे मधूदादाची आई. त्यांच्या तेराव्याला मी स्वतः कोनला जाऊन जेवून आले होते. मागचे दिवस पाहिले. रोज मेसेज, रोज उत्तर. मेलेली बाई रोज सकाळी नेमाने गोळी घेत होती.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर मी त्याला विचारलं. त्याने खिशातून एक जुना बटणांचा फोन काढून टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "दादा, आठवण म्हणून चालू ठेवलास का?"

"आठवन कसली," तो म्हणाला. "गोली मीच खातो. मनाबी परेशर हाय."

मग स्वतःच्या नावाने का नोंद करत नाहीस, असं मी विचारल्यावर त्याने पडदा माझ्याकडे वळवला. नवीन पेशंटचा फॉर्म. नातेवाइकाचा नंबर भरल्याशिवाय तो पुढेच जात नाही. हा नियम त्याचाच. खोटा नंबर टाकायचा, मी म्हटलं. तर म्हणे, खोट्या नंबरला फुकटचे फोन जात राहतील, मशीन नाहक जागं राहील.

"आणि काकींच्या नोंदीत नातेवाईक कोण आहे?"

"मी."

"म्हणजे तू उत्तर दिलं नाहीस, तर फोन तुलाच येणार?"

"हां," तो म्हणाला, जणू त्यात वावगं काहीच नव्हतं.

लग्न केलं नाही, भाऊबहीण नाहीत. जमीन गोदामांना गेली, त्या पैशांचा कोनला तीन मजली बंगला उभा आहे आणि त्यात हा एकटा. मला एकदम भडभडून आलं. मी त्याच्या हाताखालून कीबोर्ड ओढला आणि माझा नंबर भरला. पुढे नातं विचारलं होतं. यादीत आई, बाप, नवरा, बायको, मुलं, भाऊ, बहीण, एवढंच. बाकीचं मधूदादानेच जास्तीचं म्हणून कापलेलं. त्याने यादीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "बहीन टाक. राग न्हाय ना येनार तुला?"

मी टाकलं. यमुनाकाकींचा मेसेज त्याने स्वतः बंद केला. नाव मात्र मोठ्याने वाचलं नाही.

पुढच्याच रविवारी दुपारी माझा फोन वाजला. मशीनचा आवाज: मधुसूदन भोईर यांनी उत्तर दिलेलं नाही. मी त्याला फोन लावला, उचलेना. चप्पल कशीबशी अडकवून रिक्षा केली. कल्याण रोडला नेहमीसारखे ट्रक तुंबलेले, आणि मी आत बसून मनात नको नको ते बघत होते.

बंगल्याचं दार सताड उघडं. आत भरदुपारी अंधार. हाक मारली, ती वरच्या रिकाम्या मजल्यांवरून फिरून परत आली. पुढे पाऊल टाकायचा मला धीर होईना.

तेवढ्यात तो आतून आला. धडधाकट, दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मी तोंड उघडून शिव्याच घालणार होते.

"गोली सकालीच घेतली," तो म्हणाला. "बटन दाबलं न्हाय. बगत होतो."

"काय बघत होतास?"

त्याचे डोळे भरले होते. "येतंय कं कोनी," तो म्हणाला.