पेशीगणना विभागाचा निर्दोष अहवाल

जे मोजता येत नाही ते दुखणं नसतं, ती नुसती तक्रार असते. या तत्त्वावर आमच्या नेत्ररुग्णालयाचा पेशीगणना विभाग उभा आहे, आणि त्याचा कारकून असल्याचा मला रास्त अभिमान आहे.

कॉर्निया म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच. तिच्या आतल्या अंगाला षटकोनी पेशी फरशीसारख्या बसवलेल्या असतात. डोळ्याला आतून सूज आली की त्यातल्या काही मरतात, नव्या येत नाहीत, आणि उरलेल्या ऐसपैस पसरून रिकामी जागा बळकावतात (हे आमच्या कार्यालयातही होतं, पण तो अभ्यास अजून मंजूर झालेला नाही). सुजेमुळे नेमक्या किती पेशी जातात, हे ठरवण्यासाठी आम्ही शंभर रुग्ण तपासायला घेतले.

अडचण एकच आली. सुजलेल्या डोळ्याचा फोटो धूसर येतो, धूसर फोटोत पेशी मोजता येत नाहीत, आणि न मोजलेला डोळा अहवालात बसत नाही. विभागप्रमुखांनी तीन बैठका घेऊन (चहाची धरून चार) तोडगा काढला: रुग्णाच्या ज्या डोळ्याचा फोटो स्वच्छ येईल, तोच घ्यावा.

सत्तेचाळिसावी रुग्ण शिवणकाम करणारी बाई होती. उजवा डोळा लालभडक, सुईत दोरा ओवता येईना. हातातलं काम सुटेल या धास्तीने ती आली होती. औषधाचे थेंब चालू ठेवायचे की बंद करायचे, ते आमच्या आकड्यावर ठरणार होतं. तंत्रज्ञबाईंनी उजव्या डोळ्याचे सहा फोटो काढले. सहाही वाया गेले.

"ताई, आता डावा डोळा लावा."

"पण दुखतोय उजवा."

"दुखतोय म्हणूनच तर फोटो येत नाही ना."

तिने डावा डोळा यंत्राला लावला. तो मात्र दृष्ट लागण्यासारखा निघाला. चौरस मिलिमीटरला दोन हजार सातशे बारा पेशी. त्याचा फोटो आम्ही भिंतीवर लावला आहे, खाली लिहिलं आहे, 'सुजलेला डोळा: नमुना'.

अंतिम अहवालात शंभर डोळे आहेत. एक्क्याण्णव डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं, नऊ सूज उतरल्यावर आले होते. निष्कर्ष: डोळ्याच्या सुजेचा पेशींवर कोणताही परिणाम होत नाही.

डाव्या डोळ्याचा आकडा उत्तम असल्यामुळे डॉक्टरांनी त्या शिवणकामवाल्या बाईंचे थेंब त्याच दिवशी बंद केले होते. जाताना ती माझ्या टेबलाशी थांबली. डावा डोळा हाताने झाकून म्हणाली, "साहेब, या डोळ्याला तुम्ही दिसतच नाही हो." मला वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही.

सोबत आलेल्या नणंदेने रिपोर्ट उघडून वाचला. "वहिनी, नॉर्मल लिहिलंय. उगाच मनाला लावून घेऊ नका."

ही नणंद आमच्या विभागात नोकरीला नाही. वाचकहो, तुम्हीही नाही. तरी घरात कुणी दुखतंय म्हणालं की तुम्ही आधी विचारता, "रिपोर्टात काय आलंय?"