ठणठणीत पोरगी

रिसोडात माझं भांड्यांचं दुकान आहे. आजवर एक गळकी बादली कुणाच्या गळ्यात मारली नाही! त्यामुळे आमची वैष्णवी बी.एस्सी. होऊन पुण्याला नोकरीला निघाली, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "पोरीचा आरोग्य विमा मी काढतो. कोणी मधात पडू नका!"

वैष्णवीला लहानपणापासून दमा. पुण्यात एकटी असताना श्वास अडकला तर? या विचारानं माझाच जीव घाबरा व्हायचा. विम्याच्या अर्जात मी दमा ठळक लिहिला.

घरी मात्र वेगळाच कायदा! पाहुण्यांसमोर दम्याचा पंप काढायचा नाही, हा माझ्या आईचा, मनकर्णाबाईंचा दंडक. मागच्या रविवारी वाशीमचा शिवम वैष्णवीला पाहून गेला. तिला तो मनापासून आवडला. "दम्याचं मीच सांगीन त्याले," म्हणत होती. आम्ही निरोपाची वाट पाहत होतो.

त्यात विमा कंपनीचा खातरजमेचा फोन आला. माझा मोबाइल घरी चार्जिंगला. उचलला आईनं! पलीकडची बाई मुलीचं वय, उंची, वजन विचारतेय म्हटल्यावर आईला वाटलं, सोयरेच!

"मुलीला काही आजार?"

"आमच्या पोरीले सादी शिंक माहीत नाई!"

"श्वासाचा त्रास?"

"कायचा तरास! दोन हंडे घेऊन जिना चढते!"

"दारू, तंबाखू?"

आई भडकली. "काहून? तुमच्या घरच्या बाया पेतात काय?"

कंपनीनं अर्ज अडवला. कागदावर दमा, फोनवर दोन हंडे! मी घर डोक्यावर घेतलं. "आता फोन मीच उचलीन. अन् खरं तेच सांगीन!"

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन आला. "वैष्णवीबद्दल जरा इचारायचं होतं."

"लिहून घ्या!" मी सुरूच झालो. "पोरीले दमा हाय. दोनदा अकोल्याले भरती केली. हिवाळ्यात आडवं होता येत नाई, बसूनच झोपते. पंप जन्मभर लागन!"

"जन्मभर?"

"मंग! अन् दवाखान्याचा सारा खर्च तुमच्याकडं! आजच पक्कं करा!"

मग हळूच आवाज आला, "मी शिवमचा मामा बोलून राह्यलो. आमचं काई जमत नाई, भाऊ."

माझ्या हातातलं पातेलं पडलं. समोरच्या गिऱ्हाइकानं ते उचलून पाहिलं. "पोचा आला. आता कमी करा!"

घरी जाऊन झालं ते सांगितलं. वैष्णवीनं एवढंच विचारलं, "शिवम नाई बोलला?"

"मामाच होते, बेटा."

"मीच सांगणार होती त्याले," ती म्हणाली आणि रडू लागली. रडता रडता श्वास लागला. पंप घेऊन ती सवयीनं आतल्या खोलीकडे निघाली, दार लावायला.

आईनं तिचा हात धरला. "इथंच घे, माय. आता कोण पाह्यते!"



पुढच्या आठवड्यात कंपनीचा खरा फोन आला आणि विमा झाला. दम्याच्या खर्चासाठी तीन वर्षं थांबा, म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. निदान त्यांनी पोरगी तरी नाकारली नव्हती!