आत्याबाईचे चार हात

एका जंगलात एक फोटोग्राफर राहत असे. हसू नका. तुमच्या गल्लीत चार राहतात, त्यांना कोणी हसत नाही.

हे फोटोग्राफर जातीने वानर. उंबराच्या झाडावर मुक्काम, म्हणून सगळे त्यांना उंबरनाना म्हणत. दिवसभर उंबरं खाऊन खाऊन नाना अंगाने चांगले भरले होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

झालं असं, की एकदा एक माणूस जंगल बघायला आला. झुडपात रानडुक्कर शिंकलं. माणूस बॅग टाकून जो पळाला, तो अजून पळतोच आहे म्हणतात. बॅगेत एक कॅमेरा निघाला आणि तीन जुन्या लेन्स. नानांनी बॅग उचलली तेव्हा सगळं जंगल म्हणालं, "झालं! माकडाच्या हाती कोलीत!"

पण नाना वानर होते, माकड नव्हते. हा फरक ते प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी समजावून सांगत आणि मगच फोटो काढत.

जंगलात फोटो छापत कसे, असं मधेच विचारू नका. गोष्टीत छापतात.

तर त्या तीन लेन्स. त्यातली एकही आपण होऊन काही करत नसे. एक डोळा मिटायचा, दुसरा कॅमेऱ्याला लावायचा आणि लेन्सचं कडं हाताने फिरवत बसायचं. चित्र धुरकट, अजून धुरकट, जरा बरं, पुन्हा धुरकट, असं करत करत एकदाचं स्पष्ट होई. तोवर गिऱ्हाइकाने हलायचं नाही. कासव सोडून सगळ्यांना याचा त्रास व्हायचा.

पहिली लेन्स धुरकी. तिच्या पोटात बुरशी होती. तिने काढलेला फोटो धुक्यातून आल्यासारखा दिसे. तरसीणकाकू दर महिन्याला धुरकीकडूनच फोटो काढून घेत आणि बघून म्हणत, "अगदी हुबेहूब!"

दुसरी गरगरी. तिच्यात मागची झाडं गोल गोल फिरल्यासारखी दिसत. सांबराने स्वतःचा फोटो पाहिला आणि त्याला उलटी झाली.

"ही कला आहे," नाना म्हणाले.

"असेल," सांबर म्हणालं आणि त्याने पुन्हा एकदा उलटी केली.

तिसरी आत्याबाई. आत्याबाई म्हणजे नानांचा जीव की प्राण. अंगाने जड, कडं घट्ट, आणि स्वभाव कडक. चार हातांच्या आतलं तिला दिसतच नसे. कोणी जवळ आलं की सोवळ्यातल्या बाईसारखी ती त्याच्याकडे बघायचंच नाकारी. नाक पुढे आलं तर नाक धुरकट, शेपूट पुढे आलं तर शेपूट धुरकट. मात्र चार हातांवर तिची नजर अशी बसे, की फोटोतल्या सशाच्या मिशा मोजून घ्याव्यात.

चार हात म्हणजे वानराचे बरं का. बाकीच्या जनावरांना नुसते पाय असतात. त्यांनी काही मोजता येत नाही.

"माझ्याकडे कधी असं टक लावून पाहिलं नाहीत," नानी एकदा म्हणाली. नानी म्हणजे नानांची बायको, हे सांगायला नकोच.

"तू चार हात लांब राहतेस कुठे?" नाना म्हणाले. नानीला हे प्रेमाचं वाटलं की भांडणाचं, ते तिलाही कळलं नाही.

आता सिंहाकडे येऊ. सिंहाशिवाय गोष्ट होत नाही, तो नियमच आहे.

या जंगलाचे सिंहमहाराज म्हातारे झाले होते. गुडघे गेले होते. हरणामागे धावायचं म्हटलं तर हरीण थांबून चौकशी करी, "महाराज, बरं वाटत नाही का?" उडी तर साफ बंद झालेली. बसल्या जागेवरून पंजा मारला तर तो साडेतीन हात जाई. म्हणजे साडेतीन हातांत जे येईल, तेवढंच काय ते जेवण. आणि तेवढ्या जवळ येणार कोण?

प्रधान होता कोल्हा. महाराजांचं उरलेलं खाण्यावर त्याचा संसार. महाराजच उपाशी, मग उरणार काय? डोकं खाजवून खाजवून कोल्ह्याला एक माणूस आठवला. म्हणजे वानर. गोलमटोल.

कोल्हा उंबराखाली आला. "नाना, महाराजांना राजचित्र काढून हवंय. जवळून. उद्या दुपारी महाराजांनी तुम्हाला खायला बोलावलं आहे."

मुलांनो, कोल्हा इथे एक शब्दही खोटं बोलला नाही. मराठी भाषाच तशी आहे.

नाना हरखून गेले. "ऐकलंस का, महाराजांनी मला खायला बोलावलंय!"

नानीच्या हातातलं उंबर पडलं. "अहो, नीट ऐका. तुम्हाला खायला बोलावलंय!"

"तेच म्हणतोय मी. उद्या माझ्यासाठी काही करू नकोस."

"अहो, तो तुमचाच घास करील!"

"करू दे की. राजाच्या हातचा घास कोणाच्या नशिबी असतो?"

नानीने कपाळाला हात लावला. नवऱ्याला कला असली की कान नसतात, हे तिला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी नाना आत्याबाईला घेऊन गुहेसमोरच्या पटांगणात हजर झाले. नानी जांभळीवर बसून रामराम म्हणत होती. महाराज आयाळ विंचरून बसले होते. एक मात्र खरं, की भुकेइतकीच महाराजांना फोटोचीही हौस होती. आधी फोटो, मग जेवण, असा त्यांचा बेत होता.

"ये, जवळ ये," महाराज म्हणाले.

नानांनी डोळा कॅमेऱ्याला लावला. "जवळ नको महाराज. नाक धुरकट येतंय."

"मग मी जवळ येतो." महाराज एक पाऊल पुढे सरकले.

नाना एक पाऊल मागे सरकले. "आता आयाळ गेली. हलू नका ना!"

महाराज पुढे. नाना मागे. महाराज दोन पावलं पुढे, नाना दोन पावलं मागे. डोळा कॅमेऱ्यालाच. महाराजांनी पंजा मारला. तो नानांच्या पोटापासून अर्ध्या हातावरून गेला.

"हात हलवू नका!" नाना खेकसले. "लहान मुलासारखं काय करताय?"

जांभळीवर नानीने डोळे मिटून घेतले होते. अशा त्या दोघांनी पटांगणाला तीन प्रदक्षिणा घातल्या. शेवटी महाराजांचे गुडघे बोलायला लागले आणि ते जीभ बाहेर काढून मटकन खाली बसले. ते अंतर बरोबर चार हात भरलं. नानांनी कडं अगदी किंचित हलवलं.

खटॅक.

"वा!" नाना म्हणाले. "जेवण कधी आहे?"

महाराज नुसतेच धापा टाकत होते. नाना थोडा वेळ थांबले, मोठ्या लोकांचं असंच असतं म्हणाले आणि घरी गेले.

फोटोत महाराजांची जीभ जमिनीला टेकली होती. प्रधानाने तो गुहेत टांगला आणि म्हणाला, "काय तेज आहे!" प्रधानाला पगार याचाच असतो.

पण कोल्हा तो कोल्हा. त्याने तीन प्रदक्षिणा डोळ्यांनी पाहिल्या होत्या. सगळी गोम त्या लेन्समध्ये आहे, हे त्याला कळलं. तो पुन्हा उंबराखाली आला. "नाना, महाराज तुमच्या कामावर खूश आहेत. त्यांनी तुमची लेन्स सरकारी खर्चाने दुरुस्त करायचं ठरवलंय. मग ती एका हातावरचंसुद्धा स्पष्ट दाखवील. उद्या पुन्हा खायला बोलावलंय."

आणि त्याने शेजारच्या सागावरून ठोके मिस्त्रींना हाक मारली. ठोके मिस्त्री म्हणजे सुतारपक्षी. जंगलातली कुठलीही वस्तू दुरुस्तीला त्यांच्याकडेच जाई आणि बहुतेक तिथेच राही.

आता नाना मात्र हादरले. सिंहाचा पंजा पोटाजवळून गेला तेव्हा हादरले नव्हते, ते आता हादरले.

"दुरुस्त? आत्याबाईला? तिला झालंय काय?"

"जवळचं दिसत नाही ना तिला."

"न दिसू दे! तो तिचा स्वभाव आहे!" नानांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "मी तिच्या कलाने घ्यायला शिकलो, त्यात माझं निम्मं शेपूट पांढरं झालं. आता ती सगळ्यांसारखी होणार?"

पण राजाज्ञा ती राजाज्ञा. लेन्स सागावर गेली. नाना फांदीकडे तोंड करून बसले, उंबरसुद्धा खाल्लं नाही.

नानी हळूच सागावर गेली. तिलाही रडू येत होतं, पण वेगळ्या कारणाने. नवरा कसाही असला तरी तो सबंध असावा, एवढंच तिचं मागणं होतं.

"मिस्त्री," ती म्हणाली, "पाया पडते. ती लेन्स एवढी चांगली दुरुस्त करू नका."

ठोके मिस्त्रींना राग आला. "वहिनी, इतकी वर्षं या धंद्यात आहे. आजवर मी कुणाची चांगली केलीय?"

नानीच्या जिवात जीव आला.

मिस्त्रींनी टकटक करून आत्याबाई उघडली, पुसली, पुन्हा बंद केली. शेवटी फांदीवर एक बारीकसा स्क्रू उरला.

"हा कुठला?" नानीने विचारलं.

"उरतोच," मिस्त्री म्हणाले. "नाही उरला तर मला चुकल्यासारखं वाटतं."

नानीने तो स्क्रू मुठीत धरला आणि ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी नाना पुन्हा पटांगणात उभे राहिले. महाराजांनी आज गुडघ्यांना तेल लावलं होतं. कोल्हा लाळ पुसत बाजूला बसला होता. नाना जड मनाने पुढे आले. पाच हात. चार हात. साडेतीनला फक्त एक पाऊल उरलं. जांभळीवर नानीने स्क्रू इतका घट्ट धरला, की तळहातावर त्याचे आटे उमटले.

नानांनी कडं फिरवलं. धुरकट. अजून फिरवलं. अजूनच धुरकट. नानांचा चेहरा उजळायला लागला.

"मागे सरा महाराज!"

"किती?"

"सांगतो." नाना स्वतःच मागे जाऊ लागले. आठ हात झाले, दहा झाले, वीस झाले. ओढा ओलांडला. पलीकडच्या टेकाडावर चढले. चाळीस हातांवर आत्याबाईला एकदाचं दिसायला लागलं.

"महाराज!" नाना टेकाडावरून आनंदाने ओरडले. "ही सुधारली नाही! उलट वाढलीय! हलू नका!"

खटॅक.

तो फोटो नानांनी पाणवठ्यावर लावला. पटांगण आलं, ओढा आला, गुहा आली, आकाश तर भरपूर आलं. मधोमध महाराज. उंदराएवढे. पण मिशा मोजून घ्या.

सगळं जंगल फोटो बघायला लोटलं. हरणं हसून हसून पाण्यात पडली. ज्या महाराजांच्या नुसत्या नावाने पिलं दूध टाकत, ते महाराज हे एवढेसे! कोल्ह्याने "काय तेज आहे!" म्हणून पाहिलं, पण तेज नक्की कुठे आहे, हे त्यालाही बोट ठेवून दाखवता येईना. महाराज गुहेत तोंड लपवून बसले. उपाशी, आणि वर हसं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण तेवढ्यात चपळे आले.

चपळे हे मुंगूस. शेजारच्या शहरातून नुकतेच आले होते, गळ्यात नवा कोरा कॅमेरा अडकवून. त्या कॅमेऱ्यात कडं फिरवायचं नव्हतं, डोळा मिटायचा नव्हता. समोरच्याचा डोळा तो आपण होऊन शोधायचा, "पीप" म्हणायचा, आणि झाला फोटो.

चपळ्यांनी पाणवठ्यावरचा फोटो पाहिला. खरा सिंह त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"हा एवढासाच असतो?" त्यांनी विचारलं.

"लेन्सवर आहे ते," नाना म्हणाले.

"नाना, कुठल्या जमान्यात राहता? अहो, असलं छोटं जनावर एका हातावरून काढायचं असतं. दाखवतो तुम्हाला."

"एका हातावरून माया येत नाही फोटोत," नाना म्हणाले. नानी म्हणाली, "भाऊजी, नका जाऊ. तो खातो." पण चपळे नावाप्रमाणे होते. ती दोघं बोलेपर्यंत ते गुहेत पोचलेसुद्धा.

चपळे थोडे दचकले, कारण महाराज जरा मोठे निघाले. पण कॅमेरा "पीप" म्हणाला आणि त्यांना धीर आला.

"कोण?" महाराजांनी विचारलं.

"फोटोग्राफर. जवळून काढतो."

महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती जवळून?"

"तुम्ही म्हणाल तितक्या. जरा तोंड उघडा, दात दिसू देत. अजून. अजून मोठं. हां, अस्सं!"

पीप.

पुढचं तुमचं तुम्ही समजून घ्या. कोल्ह्याला त्या दिवशी शेपूट मिळालं.

कॅमेरा मागे राहिला. त्यातला फोटो छापला, तेव्हा सगळ्या जंगलाचा श्वास अडकला. वरचे दात, खालचे दात, जिभेवरचा एकेक काटा, पार आतली पडजीभ, सगळं लख्ख. असा फोटो कोणी काढला नव्हता. त्या वर्षीचं फोटोंचं पहिलं बक्षीस चपळ्यांना एकमताने देण्यात आलं. ते घ्यायला कोणी आलं नाही, म्हणून प्रधानांनी त्यांच्या वतीने स्वीकारलं. उंदराएवढा फोटो उतरवून त्या जागी हा दातांचा लावला, आणि हरणं पुन्हा पाणी पिऊन लगेच पळू लागली.

नाना फोटोसमोर उभे राहिले. चार हात लांब.

"धार आहे," ते म्हणाले. "पण जीव नाही."

"तोच तर गेला," नानी म्हणाली.

घरी जाताना उन्हात तिच्या कानात काहीतरी चमकलं. नानांनी पहिल्यांदाच टक लावून पाहिलं.

"ही कुडी कधी घेतलीस? अगदी स्क्रूसारखी दिसते."

"माहेरची आहे," नानी म्हणाली आणि दुसऱ्या कानाने त्यांचं आत्याबाईपुराण ऐकत राहिली.

तात्पर्य : बड्यांपासून चार हात लांब राहावं, हे तुम्हाला शाळेत शिकवतील. पण तेवढं शहाणपण फार थोड्यांना येतं. बाकीच्यांनी निदान एखादी बिघडलेली वस्तू जिवापाड जपावी. आणि ती कोणी फुकटात दुरुस्त करून देतो म्हणाला, तर मिस्त्री पुरेसा वाईट आहे ना, याची आधी बायकोकडून खात्री करून घ्यावी.