चुरीकाकांची एक फाईल

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या सोसायटीत तक्रारीच्या मेलमधली कुठलीही ओळ इंग्रजी ‘फ्रॉम’ने सुरू करायला बंदी आहे. बंदी चुरीकाकांची. ते आमचे सेक्रेटरी, आणि सोसायटीचे सगळे मेल ते एकाच लांबलचक फाईलमध्ये एकाखाली एक साठवतात. ओळ ‘फ्रॉम’ने सुरू झाली की तिथून पुढचा मेल, असा त्या फाईलचा रिवाज. मी एकदा ‘फ्रॉम सोमवार लिफ्ट बंद आहे’ असं लिहिलं आणि माझ्या मेलचे दोन तुकडे झाले. काकांचं उत्तर आलं, लिफ्टबद्दल आणखी एका निनावी माणसाचीही तक्रार आहे.

“हा नियम लिहिलाय कुठे?” मी चिडून विचारलं.

“लिहायला कशाला पाहिजे? चालतंय ना? मग तोच नियम.”

पार्किंगपासून पाण्याच्या वेळेपर्यंत काकांचं हेच उत्तर. अधिकृत नियमांना ते ‘जेवणं झाल्यावर आलेले पाहुणे’ म्हणतात.

आमची खजिनदार मानसी कॉम्प्युटरवाली. तिने मीटिंगमध्ये सुचवलं की प्रत्येक मेल वेगळा, रीतसर अधिकृत पद्धतीने ठेवू, पुसलेल्या मेलचा कचराही आपोआप गळेल. काका म्हणाले, राजीनामा घ्या, फाईल मिळणार नाही. त्यांची समजूत काढायला कमिटीने मला पाठवलं.

पाचव्या मजल्यावर काका एकटेच राहतात. त्यांनी फाईल उघडून दाखवली. त्या फाईलमध्ये मेल पुसला तरी जात नाही, त्याला फक्त ‘पुसला’ अशी खूण लागते. खुणेचे बहुतेक मेल एकाच माणसाचे होते, खालच्या मजल्यावरच्या अंतोनकाकांचे.

अंतोनकाका मूळचे सांडोर गावचे. केळीची बाग सोडून मुलाकडे फ्लॅटमध्ये आले आणि वेळ जाईना म्हणून भांडू लागले. रोज सकाळी चुरीकाकांविरुद्ध एक मेल. तुमच्या तुळशीचं पाणी माझ्या बाल्कनीत पडतं. तुमचा कुकर फार शिट्ट्या मारतो. संध्याकाळी तेच वर चहाला येत आणि म्हणत, “पुसून टाक रे तो मेल, पोरगा वाचील.” काका त्यांच्यासमोर पुसत. गेल्या वर्षी अंतोनकाका गेले.

“रीतसर बघशील तर आमचा काही संबंधच नव्हता,” काका म्हणाले. “सकाळी उठून माझ्याशी भांडायला आता कोणी नाही.”



पुढच्या मीटिंगमध्ये मी उभा राहून विरोध केला. मानसीने विचारलं, कारण काय लिहू? म्हटलं, चालतंय, हेच लिही. तिने तेच लिहिलं आणि ठराव बारगळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेल टाकला, काका, तुमच्या कुकरमुळे माझी झोपमोड होते. संध्याकाळी वर गेलो आणि म्हणालो, “तेवढा मेल पुसून टाका.”

काकांनी चष्मा लावला, माझ्यासमोर मेल पुसला आणि चहा टाकायला आत गेले.